खुर्चीवरचा माणूस आणि मैदानावरचा कणा

29 मार्च 2025 रोजी बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर आयएसएल (इंडियन सुपर लीग) या फुटबॉल लीगच्या बाद फेरीत मुंबई सिटी 5-0 ने हरली आणि त्या रात्री या संघाच्या पाठीराख्यांत दोन तट पडले. एक तट म्हणतो, पेत्र क्रात्कींना तिथल्या तिथे नारळ द्यायला हवा होता. बाद फेरीत पाच गोल खाणाऱ्या कोचला आणखी कसली संधी द्यायची? दुसरा तट म्हणतो, अकरा महिन्यांपूर्वी ज्याने कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर, मोहन बागानच्या घरात जाऊन, 3-1 ने कप जिंकून आणला त्याला एका सामन्यावरून घालवणं हा कृतघ्नपणा आहे. तेव्हापासून कुठलाही पराभव झाला की हाच वाद पुन्हा उकरून निघतो. दोन्ही तट तावातावाने बोलतात आणि दोघंही चुकीच्या जागी खणतात, असं माझं स्पष्ट मत आहे. या क्लबच्या निकालांचा आलेख कोचच्या येण्या-जाण्याबरोबर वर-खाली झालेला नाही. तो झाला आहे संघाच्या मधल्या कण्याबरोबर: स्टॉपर (बचावाच्या मध्यभागी खेळणारा), मधला मिडफिल्डर, त्याच्या पुढचा चाल रचणारा खेळाडू आणि स्ट्रायकर. हा कणा टिकला तेव्हा कोच बदलूनही ट्रॉफी आल्या. तो मोडला तेव्हा तोच कोच खुर्चीवर असूनही संघ कोसळला.

आधी साधा हिशेब करू. 2014 ते 2020 या सहा हंगामांत मुंबईने चार कोच पाहिले: पीटर रीड, निकोला आनेल्का, अलेक्झांद्रे गिमाराइस आणि जॉर्ज कोस्टा. ट्रॉफी एकही नाही. 2020 ते 2024 या चार हंगामांत तीन कोच झाले: सर्जिओ लोबेरा, डेस बकिंगहॅम आणि क्रात्की. या चार हंगामांत लीगमध्ये पहिलं येण्याची शील्ड दोनदा आणि प्लेऑफचा, म्हणजे लीगनंतरच्या बाद फेरीचा, कप दोनदा, अशा चार ट्रॉफी आल्या. म्हणजे ज्या काळात खुर्ची जास्त वेगाने फिरली त्याच काळात कपाट भरलं. 'स्थैर्य द्या, यश येईल' म्हणणाऱ्यांनी या आकड्यांचं काय करायचं? आणि 'माणूस बदला, खेळ बदलेल' म्हणणाऱ्यांनी पहिल्या सहा वर्षांचं काय करायचं?

उलट बाजूने पाहू. कोच तोच ठेवला आणि संघ घसरला, असं या क्लबमध्ये किमान दोनदा झालं आहे. 2016 मध्ये गिमाराइस यांच्या हाताखाली मुंबई साखळीत पहिली आली (त्यासाठीची शील्ड तेव्हा सुरू झाली नव्हती). संघात दिएगो फोर्लान होता, सुनील छेत्री होता. उपांत्य फेरीत कोलकात्याने वाट अडवली, तरी तोवरचा तो क्लबचा सर्वांत चांगला हंगाम होता. 2017-18 मध्येही कोच गिमाराइसच होते. पण फोर्लान गेला, छेत्री बंगळुरूकडून खेळू लागला, आणि मुंबई सातवी आली. एका हंगामात गिमाराइस फुटबॉल विसरले का? तसं कोणी म्हणणार नाही. मग 2024-25 मध्ये क्रात्की विसरले, हे इतक्या खात्रीने कसं म्हणता येतं?

कारण 2024 च्या उन्हाळ्यात जे झालं ते 2017 चीच मोठी आवृत्ती होती. स्ट्रायकर होर्हे पेरेरा दियाझ आणि त्याच्या मागे खेळणारा अल्बेर्टो नोगेरा बंगळुरूला गेले. बचावातला कर्णधार, आपला मुंबईकर राहुल भेके, बंगळुरूलाच गेला. मधल्या फळीचं इंजिन असलेला अपुइया मोहन बागानकडे गेला. ग्रेग स्टुअर्टने जानेवारीतच मुंबई सोडली होती. तोही पुढे मोहन बागानच्या संघात दिसला. आता 2024-25 ची फायनल कोणामध्ये झाली ते आठवा: मोहन बागान विरुद्ध बंगळुरू. त्याआधी उपांत्य फेरीत जमशेदपूरविरुद्ध भरपाईच्या वेळेत बागानला फायनलमध्ये नेणारा गोल अपुइयाने मारला. वर्षभरापूर्वीच्या विजेत्या मुंबईचे तुकडे फायनलच्या दोन्ही बाजूंना उभे होते आणि आपण घरी बसून कोचच्या राजीनाम्याची चर्चा करत होतो. गोलांचे आकडेही हेच सांगतात. 2022-23 मध्ये मुंबईने साखळीतल्या 20 सामन्यांत 54 गोल केले, 2023-24 मध्ये 22 सामन्यांत 42, आणि 2024-25 मध्ये 24 सामन्यांत 29. सामन्यामागे पावणेतीनच्या आसपास असलेली सरासरी दोन वर्षांत सव्वावर आली.

कणा म्हणजे नेमकं काय, हे मोघम सोडलं तर हा लेखही त्याच कलकलाटात जाईल, म्हणून थोडं खोलात जातो. 2020 मध्ये लोबेरा गोव्याहून आले ते एकटे आले नाहीत. अहमद जाहू, मुर्तादा फॉल, ह्यूगो बुमू आणि मंदार राव देसाई हे त्यांचे गोव्यातले खेळाडू त्यांच्यासोबत आले. रचना अशी होती की गोलकीपरच्या हातात चेंडू आला की जाहू दोन स्टॉपरच्या मधोमध खाली यायचा. मागे दोनाचे तीन झाले. समोरच्या संघाचे दोन फॉरवर्ड प्रेस करायला, म्हणजे चेंडू हिसकायला अंगावर, आले तरी तिघांपैकी एक जण मोकळा राहणारच. मागे तिघं आहेत या भरवशावर दोन्ही फुलबॅक (कडेचे बचावपटू) थेट मध्यरेषेपर्यंत चढायचे आणि विंगर (कडेचे फॉरवर्ड) आत सरकायचे. तिथून जाहूचा चाळीस-पन्नास यार्डांचा तिरका पास. हे कागदावर कोणीही काढून दाखवेल. अडचण पहिल्या पासनंतर सुरू होते. खाली येऊन चेंडू घेणाऱ्या खेळाडूला पाठीवर प्रतिस्पर्धी असताना पहिल्या स्पर्शात वळता आलं नाही, तर चेंडू परत कीपरकडे जातो. कीपर घाबरून लांब मारतो, चेंडू समोरच्याला मिळतो, आणि त्या क्षणी आपले दोन्ही फुलबॅक वर असतात. मागे दोन स्टॉपर आणि मोकळं मैदान. स्टँडमधून पाहणारा म्हणतो 'बचाव झोपला'. प्रत्यक्षात चूक चार सेकंद आधी, मधल्या माणसाच्या पहिल्या स्पर्शात झालेली असते. असा मधला माणूस गेला की कोच तीच चाल शिकवतो आणि तीच चाल गोल खायला लावते.

लोबेरा 2021 च्या ऑक्टोबरमध्ये, हंगाम दाराशी असताना गेले. बकिंगहॅम मेलबर्न सिटीहून आले. त्यांनी ही यंत्रणा मोडली नाही. जाहू आणि फॉल ठेवले, त्याच उन्हाळ्यात आलेल्या अपुइया आणि भेकेला त्यात बसवलं, जानेवारी 2022 मध्ये विंगर छांगटे आला. पहिल्या हंगामात मुंबई पाचवी आली, प्लेऑफ हुकला, आणि तेव्हाही 'कोच बदला' झालंच होतं. तरी एप्रिल 2022 मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला 2-1 ने हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब मुंबई ठरली, आणि विजयी गोल भेकेचा होता. त्यानंतर स्टुअर्ट, नोगेरा आणि दियाझ आले, सरावाला पूर्ण उन्हाळा मिळाला, आणि 2022-23 मध्ये 20 सामन्यांत 46 गुण झाले, पहिले 18 सामने न हरता. एकाच कोचचे हे दोन हंगाम शेजारी ठेवून पाहिले तर काय बदललं हे शोधायला भिंग लागत नाही.

यात एक नियमाचा भाग आहे, त्याकडे फार कमी लोक बघतात. 2021-22 पासून आयएसएलमध्ये एका वेळी मैदानावर चारच परदेशी खेळाडू उतरवता येतात. आधी पाच चालायचे. म्हणजे अकरांत सात भारतीय. चार परदेशी बहुतेक क्लब कण्यातच लावतात. मग उरलेल्या मोक्याच्या जागी, विशेषतः मधल्या फळीत, जो भारतीय खेळाडू दबावाखाली चेंडू घेऊन वळू शकतो त्याची किंमत दुप्पट होते, कारण तो एका परदेशी जागेची बचत करतो. अपुइया गेला तेव्हा मुंबईने फक्त एक खेळाडू गमावला नाही. संघ निवडण्याचं अख्खं गणित गमावलं. परदेशी मिडफिल्डर दुसरा आणता येतो. असा भारतीय मिडफिल्डर बाजारात दरवर्षी दोन-तीनच असतात.

आता समोरच्या बाजूचे जे मुद्दे खरोखर जड आहेत ते मान्य करतो. पहिला मुद्दा खुद्द क्रात्कींचा. ते डिसेंबर 2023 मध्ये, हंगाम मध्यावर असताना आले आणि त्याच हंगामात कप घेऊन गेले. शील्ड एका गुणाने हुकली, 48 विरुद्ध 47. गोव्यातल्या उपांत्य सामन्यात नव्वदाव्या मिनिटापर्यंत मुंबई 2-0 ने मागे होती आणि 3-2 ने जिंकली. अधल्यामधल्या बदलाने काहीच होत नाही असं म्हणणाऱ्याला हा हंगाम एका वाक्यात गप्प करतो. पण हे यश कशातून आलं तेही पाहा. क्रात्कीही मेलबर्न सिटीचेच, बकिंगहॅम ज्या घडणीतून आले त्याच घडणीतले. बकिंगहॅम गेल्यापासून क्रात्की येईपर्यंतच्या आठवड्यांत संघ अँथनी फर्नांडिस यांनी सांभाळला, जे आधीपासून त्याच कोचिंग स्टाफमध्ये होते. अपुइया, नोगेरा, दियाझ आणि भेके हे चौघंही जागेवर होते. नव्या कोचला चालत्या गाडीचं फक्त स्टिअरिंग हातात घ्यायचं होतं. गोव्याने जानेवारी 2020 च्या अखेरीस लोबेरांना काढलं तेव्हाही असंच झालं: लीगचे तीन सामने उरले होते, क्लिफर्ड मिरांडा यांनी तोच संघ तसाच पुढे चालवला आणि शील्ड गोव्याकडेच आली. त्या निर्णयाचा गवगवा 'धाडस' म्हणून झाला. त्यात धाडसापेक्षा घडी न मोडण्याचं शहाणपण जास्त होतं.

दुसरा मुद्दा याहून जड आहे आणि तो आपल्याच शहरातला आहे. खालिद जमील यांनी मुंबई एफसी सात वर्षं सांभाळली. पैसा कमी, नावाजलेले खेळाडू नाहीत, तरी संघ आय-लीगमधून (तेव्हाची राष्ट्रीय लीग) कधी खाली गेला नाही. 2016 मध्ये ते गेले. पुढच्याच हंगामात, 2016-17 मध्ये, मुंबई एफसी तळाला जाऊन बाहेर पडली, आणि त्याच हंगामात जमील यांनी ऐझॉलला आय-लीग जिंकून दिली. कोचमुळे फरक पडतो याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा कुठल्या प्रयोगशाळेतही मिळणार नाही. मी हा पुरावा पूर्ण मान्य करतो. फक्त त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. मुंबई एफसीमध्ये पद्धत क्लबच्या मालकीची नव्हती, ती जमील यांच्या डोक्यात होती. कोणता खेळाडू स्वस्तात घ्यायचा, कोणत्या सामन्यात एका गुणावर समाधान मानायचं, सेट पीसला (फ्री किक, कॉर्नर) कोण कुठे उभा राहील, हे सगळं ज्ञान एका माणसाच्या खिशात होतं आणि तो माणूस गेला तेव्हा खिशासकट गेलं. मग संतोष कश्यप आले, हंगामाच्या मध्यात त्यांच्या जागी ऑस्कर ब्रुझोन आले, आणि दोन बदलांनीही बुडती नाव वर आली नाही. चांगला कोच मोलाचाच असतो. पण ज्या क्लबमध्ये कोच म्हणजेच क्लब असतो, तिथे त्याच्या जाण्याची तारीख ही क्लबच्या घसरणीची तारीख ठरते.

भारतीय फुटबॉलने हा धडा याआधी फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली भारताने 1951 आणि 1962 ची आशियाई सुवर्णपदकं जिंकली, 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथं स्थान मिळवलं. त्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक करणारा नेव्हिल डिसूझा मुंबईचा. वांद्र्याच्या मैदानाला त्याचंच नाव आहे. जकार्ताच्या 1962 च्या फायनलमध्ये जखमी जर्नेल सिंग या बचावपटूला रहीम यांनी फॉरवर्डला खेळवलं आणि त्याने गोल केला. असा निर्णय घ्यायला खेळाडू आतून-बाहेरून ओळखावा लागतो. 1963 मध्ये रहीम वारले. 1964 च्या आशियाई चषकात उपविजेतेपद आणि 1970 च्या आशियाई स्पर्धेत कांस्य, एवढी त्यांच्या घडवलेल्या पिढ्यांची पुण्याई पुरली. त्यानंतर आशियाई स्पर्धेत भारताला फुटबॉलचं पदक नाही. रहीम यांची पद्धत पुढच्या कोचच्या हाती सोपवण्याची व्यवस्था कोणीच केली नव्हती.

आणि आजचा राष्ट्रीय संघ? जून 2024 मध्ये इगोर श्टिमाक यांना काढलं, मनोलो मार्केझ आले आणि वर्षभरात गेले, ऑगस्ट 2025 मध्ये जमील आले. तीन कोच. 2027 च्या आशियाई चषकाची पात्रता तरीही गेली. या सगळ्या काळात नऊ नंबरच्या, म्हणजे स्ट्रायकरच्या, जागेवर कोण होतं? निवृत्त झालेल्या छेत्रीला चाळिसाव्या वर्षी परत बोलवावं लागलं. कण्यातलं एक हाड तयारच केलेलं नसताना तुम्ही डॉक्टर किती बदलणार?

संयमवाल्यांशीही माझं भांडण आहे, कारण त्यांचं आवडतं उदाहरण त्यांना वाटतं तितकं मजबूत नाही. फर्ग्युसन 1986 च्या नोव्हेंबरमध्ये मँचेस्टर युनायटेडला आले आणि पहिली ट्रॉफी 1990 मध्ये आली, म्हणून कोचला चार वर्षं द्या, असं सांगितलं जातं. ज्यांना चार वर्षं देऊन काहीच हाती लागलं नाही त्यांची नावं कोणाला आठवत नाहीत, म्हणून हे उदाहरण एवढं झळकतं. आणि 2024-25 ची सगळी जबाबदारी खेळाडू सोडून जाण्यावर टाकून क्रात्कींना पूर्ण मोकळं सोडणंही चुकीचं ठरेल. 24 सामन्यांत नऊ बरोबरी झाल्या. नवा संघ जुन्या साच्यात बसत नाही हे डिसेंबरपर्यंत दिसत होतं. तेव्हा साचा उतरवून, फुलबॅक मागे ठेवून, थेट खेळायला हवं होतं. बाद फेरीत सुरुवातीलाच गोल खाल्ल्यावर रचना आखडून घेतली असती तर 1-0 हा फरक भरून काढता आला असता. 2-0 नंतरही आपण उघडेच खेळत राहिलो. हे दोष कोचचे आहेत. त्यांची किंमत थोड्या गुणांची आणि एका लाजिरवाण्या रात्रीची. 54 गोलांवरून 29 वर येण्याची किंमत त्यांच्या नावावर मांडता येत नाही.

मग अधल्यामधल्या बदलाने कधीकधी संघ सावरलेला दिसतो, ते कसं? नेदरलँड्सच्या लीगच्या निकालांवर बास तेर वील या अर्थतज्ज्ञाने केलेला अभ्यास इथे उपयोगी आहे. कोच काढलेले क्लब नंतर सुधारले हे खरं. पण तितकेच घसरलेले आणि कोच न काढलेले क्लबही तसेच सुधारले. कोच जातो तो संघ तळाला असताना, आणि तळावरून वर यायलाच जास्त वाव असतो. खांबाला लागून बाहेर जाणारे चेंडू कधीतरी आत जातात, जखमी खेळाडू परततात. श्रेय नव्या माणसाला मिळतं. 2024-25 मध्ये ईस्ट बंगालने तीन पराभवांनंतर कार्लेस क्वाद्रात यांना गमावलं, ब्रुझोन आले, आणि संघ नववा आला.

शिवाय वेळेचा हिशेब कोणी करत नाही. रविवारी सामना झाला की सोमवारी खेळलेल्यांना फक्त सायकल, पाण्यातला व्यायाम आणि मसाज. मंगळवारी सुट्टी. बुधवार-गुरुवार हे दोनच दिवस पूर्ण ताकदीने रचनेचा सराव होतो, प्रत्येकी पंचाहत्तर ते नव्वद मिनिटं. शुक्रवारी सेट पीस आणि समोरच्या संघाची तयारी, शनिवारी हलका सराव. बाहेरचा सामना असेल तर एक दिवस प्रवासात जातो. जमशेदपूरला जायचं तर रांची किंवा कोलकात्यापर्यंत विमान आणि पुढे रस्ता. म्हणजे नव्या कोचच्या वाट्याला महिन्यात सात-आठ खरे सराव येतात. हंगामापूर्वीच्या सहा आठवड्यांत त्याला तीस मिळाले असते. सात-आठ सरावांत काय बदलता येतं? सेट पीस बदलता येतात, अकरा खेळाडू बदलता येतात, प्रेस कुठून सुरू करायचा ती रेषा दहा यार्ड मागे घेता येते. माणसावर माणूस लावून केलेला प्रेस काढून जागा धरून करायचा प्रेस आणता येत नाही, कारण त्यात अकराही जणांना एकाच क्षणी एकच खूण ओळखावी लागते. असा अर्धवट बदल पहिल्यांदा फुटतो तो बचावाच्या रेषेत. स्टॉपर जुन्या सवयीने ऑफसाइडसाठी पुढे येतात, फुलबॅक नव्या सूचनेने मागे थांबतो, आणि त्या पाच-सात यार्डांच्या तिरक्या फटीतून समोरचा विंगर एकटा कीपरसमोर उभा राहतो. फेब्रुवारी 2026 मध्ये सुरू झालेल्या हंगामासारखी लीग एकाच फेरीची, 13 सामन्यांची असेल, तर पाच सामन्यांनंतर बदललेल्या कोचच्या हातात आठ सामने उरतात. त्या आठांत तो फक्त माफी मागू शकतो.

मुंबईकराला हे समजावून सांगायला युरोपात जायची गरज नाही. मुंबईने 42 रणजी करंडक जिंकले, त्यात 1958-59 ते 1972-73 असे सलग पंधरा. या काळात कर्णधार बदलले, निवड समित्या बदलल्या, पिढ्या बदलल्या. 'खडूस' क्रिकेट बदललं नाही. विकेट फेकायची नाही, समोरचा पडला तरी दाबत राहायचं, नव्या पोराने पहिल्या सामन्यात ज्येष्ठांकडून शिव्या खायच्या आणि पुढच्या मोसमात तेच नव्या पोराला शिकवायचं. ही पद्धत कुठल्या एका प्रशिक्षकाची नव्हती. ती शिवाजी पार्कपासून कांगा लीगच्या ओल्या खेळपट्ट्यांपर्यंत पसरलेली होती, म्हणून कोणाच्या जाण्याने ती गेली नाही. आपल्या फुटबॉल क्लबकडून आपण हीच मागणी का करत नाही?

ही मागणी आता तातडीची झाली आहे. डिसेंबर 2025 मध्ये सिटी फुटबॉल ग्रुप (मँचेस्टर सिटी, मेलबर्न सिटी अशा क्लबांचा मालक) मुंबई सिटीतून बाहेर पडला आणि क्लब पुन्हा मूळ मालकांकडे आला. 2019 मध्ये या ग्रुपने 65 टक्के हिस्सा घेतल्यापासून एक सोय होती, जिची किंमत पाठीराख्यांना फारशी कळली नाही: बकिंगहॅम गेले की त्याच पद्धतीत मुरलेला पुढचा माणूस मेलबर्नमध्ये तयार असायचा. कोच बदलायचा, पद्धत राहायची. तो नळ आता बंद झाला. त्यात खेळाडूंची गळती थांबलेली नाही. 2021 आणि 2024 अशा दोन्ही फायनलमध्ये गोल केलेला बिपिन सिंग 2025 मध्ये ईस्ट बंगालला गेला, मेहताब सिंग मोहन बागानला. महिंद्रा युनायटेडने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 मध्ये तो क्लब बंद झाला. मुंबई एफसीचंही नाव आता उरलं नाही. या शहराला क्लब विसरायची सवय आहे. आणखी एक क्लब असा गळून जाऊ नये असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी कोचच्या नावावर घसा कोरडा करण्याआधी क्लबकडे काही नेमक्या गोष्टी मागाव्यात.

सर्वांत आधी करार. कण्यातल्या चौघांपैकी एकाहून जास्त जणांचा करार एकाच उन्हाळ्यात संपता कामा नये. करार संपायला सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी मोकळेपणी बोलणी करून सही करू शकतो आणि जुन्या क्लबला दमडी मिळत नाही. म्हणून बोलणी दीड वर्ष आधी सुरू व्हायला हवीत. जो राहणार नाही तो एक वर्ष शिल्लक असताना विकला जावा आणि त्या पैशातून त्याच जागेचा माणूस आधी आणून त्याच्या सावलीत सहा महिने खेळवावा. दुसरं, एक भारतीय सहायक कोच, गोलकीपिंग कोच आणि फिटनेस कोच यांचे करार क्लबशी असावेत, मुख्य कोचशी नव्हे. मुख्य कोच सामान घेऊन जातो तेव्हा खेळाडूंच्या स्नायूंचा, जुन्या दुखापतींचा आणि सरावाच्या भाराचा तीन वर्षांचा हिशेब त्याच्याबरोबर जाऊ नये. तिसरं, आपण कसं खेळतो हे दोन पानांत लिहिलेलं असावं: चेंडू मागून कसा काढतो, गमावल्यावर पहिली पाच सेकंदं काय करतो, फुलबॅक किती वर जातात. नवा कोच निवडताना त्याचा मागचा संघ या दोन पानांच्या किती जवळ खेळतो हे पाहावं. आणि मूल्यमापन दर आठ सामन्यांनी, निकाल बाजूला ठेवून: समोरच्या बॉक्सच्या आतून किती फटके मारले, आपल्या बॉक्सच्या आतून किती खाल्ले, प्रतिस्पर्ध्याला त्याच्या अर्ध्या भागात किती पास फुकट करू दिले. हे तिन्ही आकडे सलग दोन टप्पे घसरत असतील आणि कणा जागेवर असेल, तर दोष खुर्चीत आहे. मग हंगाम संपल्यापासून पंधरा दिवसांत कोच बदला, म्हणजे खेळाडू निवडताना नवा माणूस टेबलावर असेल. कणाच जागेवर नसेल तर कोच बदलून फक्त नुकसानभरपाईचा चेक फाटतो.

अंधेरीच्या मैदानात साडेसहा हजारांच्या आसपास माणसं बसतात. एवढ्या छोट्या स्टँडमधून दिलेली घोषणा डगआउटपर्यंत स्पष्ट ऐकू जाते, मालकांच्या खोलीपर्यंतही. पुढच्या वेळी नव्या कोचच्या गळ्यात निळा स्कार्फ घालून फोटो काढला जाईल, तेव्हा त्याला किती सामने द्यायचे हा प्रश्न त्याच्यासाठी ठेवू नका. मालकांना विचारा, तुमच्या स्टॉपरचा, मधल्या मिडफिल्डरचा, त्याच्या पुढच्या खेळाडूचा आणि स्ट्रायकरचा करार कोणत्या वर्षी संपतो, आणि जुन्या स्टाफमधलं कोण या कोचच्या शेजारी बसणार आहे.